पोटात गॉज राहिला तर जबाबदार कोण? ऑपरेशन थिएटरमधले कायदेशीर शब्द, सोप्या भाषेत

नोव्हेंबर १९९३. गोव्यात सरकारी नोकरीत असलेल्या एक परिचारिका पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आल्या. दादरच्या एका नामवंत सर्जनच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशन झाले आणि त्या घरी परतल्या. पण पोटात दुखणे काही थांबेना. वेदनाशामक गोळ्या घेत त्यांनी जवळपास नऊ वर्षे काढली. ऑक्टोबर २००२ मध्ये लीलावती रुग्णालयात पुन्हा पोट उघडावे लागले, तेव्हा आत गॉज सापडला, असे त्यांच्या तक्रारीत म्हटले होते.

ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगात ५० लाख रुपयांच्या भरपाईसाठी तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तक्रार फेटाळली गेली. चूक कोणाची, हा प्रश्न तपासण्यापर्यंत खटला पोहोचलाच नाही. तो अडला ‘मुदत’ या एका शब्दावर. कायद्याच्या जगात हा निकाल ‘श्रीखंडे खटला’ म्हणून ओळखला जातो.

प्रभादेवी स्टेशनच्या पूर्वेला उतरून परळच्या दिशेने चालू लागले की केईएम, टाटा, वाडिया, कामगार विम्याचे महात्मा गांधी रुग्णालय अशी एकामागून एक रुग्णालये लागतात. याच परळच्या पुरवठा भवनातून मुंबईच्या जिल्हा ग्राहक मंचांनी वर्षानुवर्षे निकाल दिले. एकीकडे ऑपरेशन थिएटर आणि दुसरीकडे तक्रारीची खिडकी, अशी ही दोन जगे हाकेच्या अंतरावर आहेत. पण एका जगाचे शब्द दुसऱ्या जगातल्या माणसांना क्वचितच ठाऊक असतात. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, ओटी टेक्निशियन, नर्सिंग होममधले आरएमओ आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक या सगळ्यांना हे शब्द माहीत असायला हवेत.

निष्काळजीपणा म्हणजे नेमके काय?

रुग्ण दगावला किंवा ऑपरेशन फसले, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. कायदा तीन गोष्टी विचारतो. काळजी घेण्याचे कर्तव्य होते का? ते मोडले गेले का? आणि त्या मोडण्यामुळेच नुकसान झाले का? या तीनपैकी एक कडी जरी निसटली, तरी दावा उभा राहत नाही.

या विषयावरचा भारतातला पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच एका घटनेतून आला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्यांचा आधार देऊन त्याला टॅक्सीने पुण्याला नेण्यात आले. तिथल्या एका सर्जनच्या रुग्णालयात त्याच दिवशी हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि रात्री तरुणाचा मृत्यू झाला. पूर्ण भूल न देता, जास्त जोर लावून हाड ओढले गेले, त्याचा धक्का बसून मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. डॉक्टरांचा बचाव वेगळा होता. चरबीचा कण रक्तात अडकल्याने मृत्यू झाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. भरपाई होती ३,००० रुपये.

१९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवताना डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी घेणे आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. आजही बहुतेक खटल्यांत युक्तिवादाची सुरुवात इथूनच होते.

किती काळजी पुरेशी मानली जाते?

इथे ‘बोलम कसोटी’ हा शब्द येतो. १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यातून ती आली. कायदा डॉक्टरकडे सर्वोत्तम कौशल्याची अपेक्षा ठेवत नाही. त्याच शाखेतल्या सर्वसाधारण, जाणत्या व्यावसायिकाने जे केले असते, तेवढे अपेक्षित असते. एकाच आजारावर दोन मान्य पद्धती असतील आणि सर्जनने त्यातली एक निवडली, तर दुसरी चालली असती म्हणून तो दोषी ठरत नाही. याला ‘निर्णयातली चूक’ म्हणतात. प्रत्येक निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

नर्स आणि टेक्निशियन यांनाही हाच न्याय लागतो. तुलना होते ती त्यांच्याच कामातल्या सर्वसाधारण, प्रशिक्षित माणसाशी. स्क्रब नर्सकडून सर्जनच्या ज्ञानाची अपेक्षा नसते. पण गॉज आणि हत्यारांची मोजणी हे तिचेच काम मानले जाते.

आपल्या पात्रतेबाहेर जाऊन काम केले, तर मात्र तुलनेचा प्रश्नच उरत नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि १९९२ मध्ये रुग्णाचा मृत्यू झाला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ३ लाख रुपयांची भरपाई दिली.

‘गोष्ट स्वतःच बोलते’

एरवी पुरावा देण्याचे ओझे तक्रारदारावर असते. पण काही प्रसंग असे असतात की वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही. यासाठी ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे लॅटिन वचन वापरतात. त्याचा अर्थ, गोष्ट स्वतःच बोलते. उजव्याऐवजी डाव्या पायाचे ऑपरेशन झाले किंवा पोटात कापड राहिले, तर हे कोणाच्या तरी चुकीशिवाय घडू शकत नाही, असे गृहीत धरले जाते आणि खुलासा देण्याची पाळी रुग्णालयावर येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक महिला बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप आणि पोटदुखी वाढत गेली. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत टॉवेलसारखा मोठा बोळा, ज्याला ओटीत ‘मॉप’ म्हणतात, तो सापडला. २४ जुलैला तिचा मृत्यू झाला.

पतीने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये तेच ३६,००० रुपये पुन्हा मंजूर केले. मधे ३३ वर्षे गेली होती.

चूक एकाची, पैसे दुसऱ्याने का द्यायचे?

सरकारने या खटल्यात जबाबदारी नाकारली होती. त्यावर न्यायालयाने ‘प्रातिनिधिक दायित्व’ हे तत्त्व लावले. कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामात चूक केली, तर तिची भरपाई मालकाने द्यायची. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर आणि नर्सचे मालक सरकार, म्हणून पैसे सरकारने द्यायचे.

खासगी रुग्णालये पूर्वी एक बचाव हमखास करत असत. ‘ते डॉक्टर आमचे नोकर नाहीत, फक्त व्हिजिटिंग कन्सल्टंट आहेत.’ २००४ मध्ये सविता गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बरीचशी बंद केली. डॉक्टर पगारी असो की मानधनावर बोलावलेला, रुग्ण रुग्णालयाच्या भरवशावर येतो, त्यामुळे खुलासा रुग्णालयाने द्यायचा. रुग्णाने प्रत्येक डॉक्टरचे नाव शोधून त्याला पक्षकार करण्याचीही सक्ती नाही.

थिएटरमध्ये आणखी एक शब्दप्रयोग ऐकू येतो, ‘कॅप्टन ऑफ द शिप’. जहाजावर जे काही घडते त्याला कप्तान जबाबदार, तसा ऑपरेशनच्या वेळी सर्जन, अशी ही अमेरिकी न्यायालयांतून आलेली कल्पना आहे. पण ‘सर्जनच सगळे निस्तरेल’ या भरवशावर इतरांनी राहणे धोक्याचे आहे. दायित्व वाटून येते. भूल देण्यातली चूक भूलतज्ज्ञाकडे जाऊ शकते, मोजणीतली नर्सकडे. मालकाने भरपाई दिली म्हणून कर्मचाऱ्याची स्वतःची जबाबदारी पुसली जात नाही. फौजदारी प्रकरणात तर ‘मालक भरेल’ ही सोयच नसते, कारण शिक्षा ज्याची त्यालाच भोगावी लागते.

संमती म्हणजे नुसती सही नव्हे

ॲडमिट होताना कोऱ्या छापील फॉर्मवर घेतलेली सही कायद्याच्या नजरेत फारशी किमतीची नाही. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने खऱ्या संमतीत काय काय येते ते सांगितले. आजार काय, उपचार कोणते, त्यातले मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगायला हवे.

त्या प्रकरणात दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी संमती घेतली होती. रुग्ण भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढले. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य होती का, हा प्रश्न वेगळा. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण स्वतः सज्ञान होती. शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते. न्यायालयाने डॉक्टरांची फी नामंजूर केली आणि वर २५,००० रुपयांची भरपाई द्यायला लावली.

जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले, तर मात्र संमतीविना उपचार करण्याला कायद्याचे संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये ही तरतूद आहे. अपघातातल्या जखमीला पोलिसी सोपस्कारांसाठी थांबवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आताच्या प्रभादेवी, म्हणजे तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि जखमींना केईएममध्ये नेण्यात आले. अशा वेळी डॉक्टरांनी सह्यांची वाट पाहायची नसते.

भरपाई कधी आणि तुरुंग कधी?

बहुतेक प्रकरणे भरपाईवर संपतात. फौजदारी गुन्ह्यासाठी ‘घोर निष्काळजीपणा’ लागतो. कोणताही भानावरचा डॉक्टर जे करणार नाही, असे काहीतरी घडलेले असावे लागते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ही रेघ आखली. गुन्हा नोंदवण्याआधी त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे आणि तक्रार आली म्हणून लगेच अटक करू नये, असेही त्यात सांगितले आहे.

शिक्षेच्या बाबतीत १ जुलै २०२४ पासून मोठा बदल झाला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कमाल २ वर्षे कैद होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती सर्वांसाठी ५ वर्षे केली. नोंदणीकृत डॉक्टरांना मात्र, वैद्यकीय प्रक्रिया करताना हे घडले असेल तर, कमाल २ वर्षेच ठेवली.

पण ‘नोंदणीकृत डॉक्टर’ म्हणजे कोण, हे कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली पदवी आणि त्या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी हव्यात. या शब्दांत नर्स बसत नाही. ओटी टेक्निशियन बसत नाही. मुंबईतली असंख्य नर्सिंग होम रात्री ज्यांच्या जिवावर चालतात, ते आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी असलेले आरएमओही बसत नाहीत. म्हणजे एकाच टेबलाभोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी सर्जनला कमाल २ वर्षे आणि त्याला हत्यार देणाऱ्या नर्सला कमाल ५ वर्षे, असा कलमाचा सरळ अर्थ निघतो. ओटीत काम करणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते.

फोनवरून उपचार हाही असाच नाजूक विषय आहे. रत्नागिरीत सिझेरियन झालेल्या एका महिलेचा २०१८ मध्ये मृत्यू झाला. ती पुन्हा दाखल झाली तेव्हा डॉक्टर दांपत्य गावात नव्हते आणि उपचार फोनवरच्या सूचनांनुसार चालले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि राज्यभरच्या डॉक्टरांत खळबळ उडाली. हा जामिनाच्या टप्प्यावरचा आदेश होता, दोषसिद्धी नव्हती. पण रुग्णापाशी प्रत्यक्ष कोण होते आणि फोनवर कोणी काय सांगितले, याची लेखी नोंद किती महत्त्वाची आहे, हे त्यातून दिसले.

दाद कुठे मागायची?

१९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे प्रत्येकाला मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून वगळली आहेत. केवळ नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने हे बदलत नाही. पण जिथे काही जण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच ठरतो. कामगार विमा रुग्णालयातला कामगारही ग्राहक आहे, कारण त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. ग्राहक आयोगाचे दार ज्यांना बंद आहे, त्यांना दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. औरंगाबादच्या खोडवांनी तोच घेतला होता.

डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि नर्सविरुद्ध महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेही तक्रार करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण नोंदणी निलंबित होऊ शकते.

आणि तो ‘मुदत’ नावाचा शब्द

ग्राहक आयोगात तक्रारीसाठी २ वर्षे असतात. पण ही २ वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची? दादरच्या प्रकरणात सगळा वाद यावरच होता. गॉज सापडल्याच्या दिवसापासून मोजली, तर तक्रार वेळेत होती. ऑपरेशनपासून मोजली, तर केव्हाच उशीर झाला होता.

सर्वोच्च न्यायालयाने दोन परिस्थिती वेगळ्या केल्या. चुकीचा परिणाम लगेच दिसत असेल, तर घड्याळ त्याच दिवशी सुरू होते. परिणाम लपलेला असेल, तर रुग्णाला तो कळतो किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळला असता, त्या दिवसापासून. याला ‘शोधाचा नियम’ म्हणतात.

मग या परिचारिकेला त्याचा फायदा का मिळाला नाही? कारण ऑपरेशननंतर लवकरच वेदना सुरू झाल्या होत्या आणि त्या स्वतः अनुभवी नर्स होत्या. त्यांनी पुन्हा त्या सर्जनकडे जायला हवे होते, तपासण्या करायला हव्या होत्या. नऊ वर्षे गोळ्यांवर काढणे न्यायालयाला पटले नाही. ज्या व्यवसायामुळे त्यांना शरीराचे ज्ञान होते, त्याच व्यवसायाने त्यांची बाजू कमकुवत केली. सामान्य गृहिणी असती, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

शेवटी उरतो तो कागद

या सगळ्या खटल्यांत निकाल फिरतो तो केसपेपरवर. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात सांगितले की केसपेपरची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे, रुग्णालय ती गोपनीय म्हणून अडवू शकत नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात.

ओटीतल्या माणसांसाठीही कागद हीच ढाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी असे तीन थांबे. शेवटच्या थांब्यावर गॉज, सुया आणि हत्यारे मोजायची. जगातल्या ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आता गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागाही असतो. मोजणी जुळली नाही, तर टाके घालण्याआधी एक्स-रे काढता येतो.

थोडक्यात

• रुग्ण आणि नातेवाइकांसाठी : ऑपरेशननंतर दुखणे हटत नसेल तर लेखी नोंद होईल अशा रीतीने पुन्हा डॉक्टरकडे जावे. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपावे. २ वर्षांची मुदत लक्षात ठेवावी.

• नर्स, टेक्निशियन आणि आरएमओंसाठी : मोजणी, वेळ आणि फोनवर मिळालेली सूचना तिथल्या तिथे लिहून सही करावी. मोजणी जुळत नसेल तर स्पष्ट सांगावे आणि सांगितल्याचीही नोंद करावी. रुग्णालयाच्या दायित्व विम्यात आपले नाव आहे का, हे विचारून घ्यावे. विमा भरपाईपुरता असतो, फौजदारी शिक्षेपासून तो वाचवत नाही.

• सर्जनसाठी : संमती घेताना सहीइतकेच समजावणे महत्त्वाचे आहे. जे सांगितले तेही फॉर्मवर लिहिलेले असावे.

१९६३ चा मॉप आणि १९९३ चा गॉज यांच्यात ३० वर्षांचे अंतर आहे. एका प्रकरणात ३३ वर्षांनी ३६,००० रुपये मिळाले, दुसऱ्यात काहीच नाही. टाके घालण्याआधी एकदा मोजायला मात्र काही मिनिटे पुरतात.